कोठीतला ससा

कोठीच्या आतून ठक् असा आवाज आला आणि त्याच क्षणी मामींनी हातातला पोळ्यांचा डबा मुद्दाम जमिनीवर आपटला.

"उंदरं," त्या म्हणाल्या. "यंदा लई झाले जी उंदरं."

"मांजरीएवढाले झाले," बबनमामा घाईने म्हणाले. "घ्या भाचेबुवा, सोल्याची भाजी घ्या. कोवळी तूर हाय, घरच्या वावरातली."

मी मान खाली घालून जेवू लागलो. झरी जामणी तालुक्यात वनरक्षक म्हणून रुजू झाल्यानंतरचा हा माझा पहिलाच हिवाळा. बबनमामा हे आईचे दूरचे चुलतभाऊ. त्यांचे गाव माझ्या हद्दीला लागूनच आहे हे कळल्यापासून आईने फोनवर धोशा लावला होता, "एकटा राह्यतं बाप्पा तिथं. आपलं माणूस हाय, जाऊन तं ये." अनोळखी घरात शिरायची मला लहानपणापासून भीती वाटते. बंद दारासमोर उभा राहून मी उगाच घसा साफ करत राहतो. त्या दुपारी मात्र दार वाजवावेच लागले नाही. गस्तीवरून परतताना, अंगावर खाकी असतानाच, मी अंगणात मोटारसायकल थांबवली आणि आत धावपळ ऐकू आली. एका मुलीचे दाबलेले रडणे, पत्र्याचा खणखणाट, मग एकदम शांतता. पाहुणा आला की घर आवरतात, तसे काही असेल असे मला वाटले.

पुढची खोली वेचलेल्या कापसाने आढ्यापर्यंत भरलेली होती. त्या पांढऱ्या ढिगाला जवळजवळ टेकूनच आम्ही जेवायला बसलो होतो. ढिगाच्या पायथ्याशी, माझ्या ताटापासून हातभर अंतरावर, एक खळगा होता. ओंजळीएवढा, कुणीतरी रोज तिथेच निजत असावे असा गुळगुळीत. त्याच्या कडेला मिऱ्यांसारख्या चार-दोन लेंड्या पडल्या होत्या. जंगलात त्या मला रोज दिसतात. उंदराच्या नव्हत्या त्या. रानसशाच्या होत्या.

रानातला ससा घरात ठेवणे हा गुन्हा आहे. ते या घराला ठाऊक होते आणि अंगणात खाकी दिसताच त्यांना दुसरे काही सुचले नव्हते. मी कोठीकडे पाहिले. धान्य ठेवायची पत्र्याची कोठी, झाकण इतके घट्ट की हवाही शिरू नये. झाकणावर वाटणाचा पाटा ठेवलेला. कोठीला पाठ लावून मामांची मुलगी निकिता उभी होती. आठ-नऊ वर्षांची असेल. ती पापणी न हलवता माझ्याकडे पाहत होती.

मला भीती वाटली. आधी त्या जिवाची, आणि लगेच मागोमाग माझी स्वतःची. ज्याला पाहून माणसे असा पाटा ठेवतात, तो मी होतो. एकच उपाय दिसत होता. मी लवकर निघून गेलो, तर झाकण लवकर उघडेल.

"मामा, निघतो मी आता," मी म्हणालो. "ऑफिसात जा लागते."

तो शब्द चुकीचा पडला. मामांचा घास हातातच राहिला.

"ऑफिसात? काहून जी? आत्ता त आले. वाढ वं, भाचेबुवाले वाढ! असा अर्धपोटी भाचा गेला, तं तुमची माय मले काय म्हणन?"

मामींनी माझ्या 'नको'कडे लक्ष न देता दोन पोळ्या वाढल्या. मी भराभर गिळू लागलो. मी संपवत होतो आणि त्या वाढत होत्या. आतले ठोके आता थांबून थांबून येत होते. ते झाकावेत म्हणून मामा मोठमोठ्याने बोलत होते, हसत होते.

"माह्या बापाची बैलबंडी नेलती एकडाव फारेस्टवाल्यानं. गोठ्यासाठी लाकडाच्या चार बल्ल्या आणल्या होत्या जंगलातून. बंडी वापस भेटली तं उधईनं सारी पोखरलेली! मंग बाप मरेपर्यंत, खाकी दिसली का घरात घुसे. पोस्टमन आला तरी घुसे!"

मामी हसल्या. मीही हसलो. मग तिघांनाही एकाच वेळी कळले, की मामा काय बोलून गेले होते.

त्या शांततेत कोठीतून ठोका आला नाही. नखांची खरखरही आली नाही. निकिताने मान वळवली, कान पत्र्याला लावला, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. तरीही एवढ्याशा मुलीने माझ्या भीतीने ओठ मिटून घेतले होते.

"झाकण काढा," मी म्हणालो.

मला ते हळुवारपणे म्हणायचे होते. पण बाहेर पडला तो आवाज कोरडा आणि करडा होता, हुकमाचा होता.

मामा उठून उभे राहिले. "साहेब…" ते म्हणाले. क्षणापूर्वीपर्यंत मी भाचेबुवा होतो.

पाटा खाली आला. निकिताने कमरेपर्यंत कोठीत वाकून ससा बाहेर काढला. मातीच्या रंगाचा, लांब कान ओल्या चिंधीसारखे लोंबणारा. तिने त्याला कापसावर निजवले, नाकावर फुंकर घातली, ओल्या बोटाने तोंड पुसले.

"बाबा, हालूनच नाही राह्यला हा."

मग त्याची कूस एकदा फुगली. थांबली. पुन्हा फुगली.

"मारून खाल्ला नाही जी," मामा हात जोडून म्हणत होते. "सोयाबीन काढतानी याची माय मशीनखाली आली. मुठीत मावे एवढासा होता. पोरीनं बकरीच्या दुधात वात भिजवून जगवला. आमचं चुकलं. निकिता, दे तो साहेबाले. दे म्हणतो ना!"

ती रडली नाही. दोन्ही हातांनी तिने तो माझ्यापुढे धरला आणि मला घ्यावाच लागला. त्याचे काळीज इतके वेगाने धडधडत होते, की एक ठोका दुसऱ्यापासून वेगळा करता येत नव्हता. त्यातली थरथर कोणती त्याची आणि कोणती माझी, हेही मला सांगता आले नसते.

"मी नेत नाही याले," मी म्हणालो. "हा कुत्र्याले भेत नाही, माणसाले भेत नाही. जंगलात एक रात नाही निघणार याची. पोरीपाशीच राहू द्या, मामा."

मी ससा परत दिला. निकिताने तो घेतला, पण छातीशी धरला नाही. दुसऱ्याची वस्तू सांभाळावी तसा, अंगापासून दूर धरला.

"नाही जी. सांजच्यालेच सोडतो, नाल्यापलीकडं," मामा म्हणाले. "तुमच्यावर बोल नाही येऊ देत."

"मी कोणालेच सांगणार नाही, मामा."

"हो जी. सोडतोच."

मामींनी एक पिशवी आणली. तुरीच्या शेंगा आणि तुपाची बरणी. परत निघालेल्या भाच्याच्या हाती देतात ती ही भेट होती, की आणखी काही, मला कळले नाही. बहुधा त्यांनाही कळले नसावे. मी ती घेतली. न घेतली असती तर त्या रात्रभर घाबरून बसल्या असत्या.

अंगणात मी बूट चढवले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. वय पाहत नाहीत, मान भाच्याचा असतो. बबनमामा वाकले, तेव्हा ही तीच रीत आहे असे मी स्वतःला समजावले. पण त्यांची बोटे बुटांवर टेकली ती उठेनात. जाड चामड्यातूनही मला त्यांचा कंप जाणवत होता. मी खांदे धरून त्यांना उभे केले.

"मामा, मी अंकुर. तुमच्या बहिणीचा अंकुर."

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले नाही. खिशावरच्या माझ्या नावाच्या पट्टीवर नजर ठेवून ते म्हणाले,

"हो जी, साहेब."