मला रंग नको

मित्रांनो, भिंतीतून बाहेर काढलेल्या हातासारखी मी आहे: दुसऱ्या मजल्यावरची एक जुनी गॅलरी. मला खाली खांब नाही. माझा सगळा भार पोटातल्या सळ्यांवर आहे. मला राग आलाय, आणि तो का, ते सांगते.

मला बांधणारा मिस्त्री नेटका होता. पुढे आलेली गॅलरी वजनाने वाकते तेव्हा तिचा वरचा भाग ताणला जातो, म्हणून सळ्या वरच्या अंगाला हव्यात. कुणी मजूर त्यांच्यावर पाय देऊन उभा राहिला, की मिस्त्री ओरडायचा, "अरे, उतर! सळी बसली की गॅलरी बसली!"

पुढची वर्षं सुखाची गेली. ओल्या चादरी, कुंड्या, आजोबा आणि त्यांची झुलती खुर्ची, सगळं मी बिनतक्रार पेललं. "गॅलरीमुळेच हे घर घेतलं," असं मालक पाहुण्यांना कौतुकाने सांगायचे.

मग ते मोठ्या घरात गेले आणि इथे भाडेकरू आले. माझ्या कोपऱ्यातलं पाणी जायचं भोक बुजलं. पाणी साचलं, मुरलं, सळ्यांपर्यंत पोचलं. लोखंड गंजलं की फुगतं, मित्रांनो, आणि फुगलं की काँक्रीट फोडतं. भिंतीलगत मला चीर पडली. भाडेकरूंनी सांगितलं, तेव्हा मालकांनी काय केलं? चिरेवर सिमेंट चोपडलं, वर चकचकीत फरशी बसवली आणि खालून पांढरा रंग दिला. आजाऱ्याला औषध नाही, पावडर! शिवाय त्या फरशीचं ओझंही माझ्याच अंगावर.

अलीकडे हे घर विकायला निघालं. एक बाई आणि त्यांचा नवरा बघायला आले. राहायला नव्हे, भाड्याने द्यायला.

"अहो, घेण्याआधी इमारतीची पाहणी करून घेऊ या," बाई म्हणाल्या.

"कशाला उगीच? आपल्याला थोडंच राहायचंय इथे?"

मी संतापाने थरथरलेच असते, पण थरथरणं मला परवडत नाही. मालक राहणार नाही म्हणून राहणाऱ्याचं वजन कमी होतं का? आयजीच्या जिवावर बायजी उदार! भाडेकरूंची मुलगी रोज माझ्या कठड्याला रेलून शाळेच्या बसची वाट बघते. ती वाढतेय, आणि मी झिजतेय.

दलाल म्हणाला, "ताई, पाहणीचं काय घेऊन बसलात! आमचा माणूस आहे ना. प्रत्येक सौद्याला आम्ही त्यालाच बोलावतो."

म्हणजे पेपर ज्याने लिहिला, त्यानेच तपासायचा! आणि हे दोघे चक्क "बरं" म्हणाले.

तो माणूस आला. त्याने दिवे लावून पाहिले, नळ सोडून पाहिले. माझ्यापाशी मात्र दारातच थबकला आणि म्हणाला, "गॅलरी एकदम भक्कम."

"मग बाहेर उभं राहून सांगा ना," बाई म्हणाल्या.

"नको, ऊन फार आहे."

"आभाळ भरलंय."

"बूट काढावे लागतील हो, ताई."

"भित्रा आहे तो!" दलाल हसला.

"मग तुम्ही या."

दलालाने लगेच फोन कानाला लावला. तो वाजला नव्हता.

तेवढ्यात दप्तर पाठीला अडकवून मुलगी नेहमीसारखी माझ्याकडे धावली. बाईंच्या नवऱ्याने झडप घालून तिचा दंड धरला. "थांब, बाळा!" त्याचा चेहरा उतरला होता. मग तो बायकोला म्हणाला, "आपण आपला इंजिनियर आणू. आजच."

त्या इंजिनियरने शिडी लावून खालून हातोडी ठोकली. आवाज पोकळ आला, पापुद्रा गळाला आणि माझी गंजलेली सळी उघडी पडली. "दार बंद करा," तो म्हणाला. "ही पाडून नव्याने बांधायला हवी." भाडेकरूंनी दाराला कपाट लावलं.

आणि मालक? "नसेल घ्यायचं तर राहू द्या! गिऱ्हाइकं ढीगभर आहेत." काल रंगारी येऊन पापुद्रा गळालेली जागा बुजवून गेला. रविवारी नवी माणसं बघायला येणार आहेत. तेव्हा कपाट हलवून ठेवा, असा भाडेकरूंना निरोप आहे.

मित्रांनो, घर बघायला मोठ्यांबरोबर गेलात, तर विचारा: याची पाहणी कुणी केली? त्याला कुणी बोलावलं? आणि कुठे मी दिसलेच, तर माझ्या रंगाला भुलू नका. मला पाडायला सांगा. आयुष्यभर मी माणसं पेलली आहेत. मला कुणाला खाली टाकायचं नाही.