तीन कुलपं

फोरमवर त्यांनी घेतलेलं नाव भारदस्त होतं, पण पाठीमागे सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. प्रोग्रॅमिंग शिकणारे लोक तिथे प्रश्न विचारत आणि काका ते बंद करत. पगार नाही, पाणी नाही, तरी सकाळी ऑफिसात आलं की कामाच्या आधी हे. शीर्षक वाचायचं, नाक मुरडायचं, जुन्या एखाद्या प्रश्नाची लिंक डकवायची, "आधी शोधायला शिका" असा शेरा मारायचा आणि ठोकायचं कुलूप. अख्खा प्रश्न वाचायची तसदी कोण घेतो! "नवीन आहे, मदत करा" एवढं दिसलं तरी काकांचं डोकं उठायचं. "नवीन आहेस तर घरी बस ना," असं ते स्क्रीनला सुनवायचे. अकरा हजार कुलपं घातली होती गड्याने. तो आकडा बायकोलाही अधूनमधून ऐकवायचे.

सोमवारी मात्र त्यांच्याच तोंडचं पाणी पळालं. काकांची कंपनी दातांच्या दवाखान्यांना पेशंटच्या वेळा लावून देणारं ॲप चालवायची. रविवारी ते ॲप परदेशातल्या नव्या सर्व्हरवर हलवलं आणि सगळ्या तारखा एक दिवस मागे सरकल्या. बुधवारचे पेशंट मंगळवारी येणार, मंगळवारचे सोमवारीच येऊन बसलेले. एक आजोबा सुजलेला गाल धरून आले आणि तसेच परत गेले. दवाखान्यांचे फोन थांबेनात.

काकांची साहेब त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. ती टेबलाशी येऊन उभी राहिली.

"सर, चारपर्यंत होईल? नाहीतर हे काम दुसऱ्या टीमला द्यावं लागेल. तुम्ही मग उद्यापासून टेस्टिंगला बसा."

"किरकोळ आहे हो," काका म्हणाले. ती वळली तसा त्यांनी घाम पुसला. ते ॲप त्यांनी स्वतः उभं केलं होतं. आता दुसऱ्यांनी बनवलेली बटणं दाबून बघायची? त्यापेक्षा राजीनामा बरा, आणि राजीनामा तर परवडणारा नव्हता.

दोन वाजेपर्यंत त्यांनी सगळं करून पाहिलं आणि हात टेकले. मग नाइलाजाने फोरमवर शोधलं. प्रश्न लगेच सापडला, अगदी हाच: तारखा एक दिवस मागे का दिसतात? तीन वर्षांपूर्वीचा. खाली कुलूप, काकांचं, आणि लिंक. लिंक उघडली तर दुसरा प्रश्न, त्यालाही काकांचंच कुलूप. तिथल्या लिंकवरून तिसरा, तिथेही तेच. तिसऱ्यावरची लिंक उघडली आणि काका पहिल्या प्रश्नावर परत आले. उत्तर कुठेच नव्हतं. तिन्ही ठिकाणी शेरा मात्र होता, आधी शोधायला शिका.

अख्खा प्रश्न त्यांनी आज पहिल्यांदा वाचला. शेवटी विचारणारीनेच भर घातली होती: "उत्तर मिळालं. इथे दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा काकांनी उडवलं. कुणाला हवं असेल तर मला मेसेज करा." तिची ओळख एवढीच: पाळणाघर चालवते, मुलं झोपली की शिकते.

पाळणाघरवाली! तिच्यापुढे नाक घासायचं? काकांनी घड्याळ पाहिलं आणि गुपचूप नवं खातं उघडलं. "मी आधी शोधलं आहे" या चौकटीत खूण केल्याशिवाय खातं उघडत नव्हतं. ती चौकट त्यांनीच भांडून घालून घेतली होती. केली खूण. मग लिहिलं, "नवीन आहे, मदत करा."

दहा मिनिटांत उत्तर आलं. "अहो दादा, घाबरू नका, माझंही असंच झालं होतं. नुसती तारीख दिली तरी प्रोग्रॅम तिला रात्री बाराची वेळ चिकटवतो. सर्व्हरच्या देशातलं घड्याळ आपल्या मागे असेल तर तिथे तेव्हा आदला दिवसच चालू असतो. तारखेला वेळ चिकटूच देऊ नका, साधा मजकूर म्हणून ठेवा." खाली प्रत्येक ओळ उलगडून दाखवली होती, पोराला बुटाची नाडी बांधायला शिकवावं तशी. आणि शेवटी, "फोरमवर विचारायला जाऊ नका हं. तिथे एक काका बसतात, विनाकारण रडवतात माणसाला."

काकांचे कान तापले. लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा रागही आला.

पावणेचारला तारखा जागेवर आल्या. साहेब खूश. "वा सर! कसं सापडलं?"

"शोधलं की सापडतं," काका म्हणाले.

"मग फोरमवर उत्तर टाका ना, लोकांना उपयोग होईल."

"टाकतो की."

टाकायचं तर आधी कुलूप काढायला हवं होतं, आणि काढताना 'कुणाची चूक' हा रकाना भरायला हवा होता. काका त्या रकान्याकडे बघत बसले. तेवढ्यात पाळणाघरवालीचा मेसेज आला: "जमलं का? नाही जमलं तर परत विचारा, लाजू नका." त्याच वेळी फोरमवर नवा प्रश्न येऊन पडला: "तारखा एक दिवस मागे दिसतात. नवीन आहे, मदत करा."

काकांना आता उत्तर पाठ होतं, फक्त चार ओळी लिहायच्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पहिल्या प्रश्नाची लिंक डकवली आणि कुलूप घातलं.

पाच वाजता ते घरी निघाले, तेव्हा पाळणाघरातली मुलं झोपली होती आणि ती बाई त्या लिंकवरून आलेल्या नवख्याला पहिल्यापासून समजावत होती, "अहो, घाबरू नका."