मातीची साय

तिने मुकादमाच्या हातातलं दाताळं हिसकावलं आणि कुंपणापलीकडे भिरकावलं.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला इथे हात लावायला? कुणी?"

मुकादम म्हणजे तिच्या थोरल्या बहिणीचे यजमान. संशोधन केंद्रावर त्यांना तिनेच चिकटवलं होतं. त्यांनी मानेवरचा घाम पुसला.

"उद्या संचालक येणार ना? ही असली कळकट, खपल्या धरलेली जमीन दाखवणार होतीस त्यांना? म्हटलं, जरा साफसूफ करून ठेवू."

साफसूफ! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या खपल्यांसाठीच नऊ वर्षं घालवली होती तिने. शेवाळ, बुरशी, दगडफुलाचे बारीक ठिपके, असं सगळं मिळून उघड्या मातीवर सायीसारखा काळसर थर धरतं. तो असला की वारा माती उचलत नाही, पडलेलं बी रुजतं. तो नसेल, तर लावा खुशाल झाडं आणि काढा फोटो! कुंपणाबाहेरच्या साठ हेक्टरांवर दुसरं काय चाललं होतं? दरवर्षी रोपं लागत होती, दरवर्षी वाळूखाली जात होती. या तुकड्यातला थर विरजणासारखा वापरून ती जमीन बसवायची, याचीच परवानगी उद्या मिळायची होती. आणि आज विरजणच खरवडून टाकलेलं. पलीकडच्या कुंपणालगत दहा हातांचा पट्टा तेवढा वाचला होता.

"नऊ वर्षं हो, भाऊजी! नऊ वर्षं मातीत घातलीत माझी!"

"मग एकदा तरी सांगायचं होतंस, हे काय आहे ते. मला आपलं रोज एकच, इथे यायचं नाही, तिथे पाय द्यायचा नाही. का म्हणून विचारलं, की तुम्हाला नाही कळायचं!"

"नाहीच कळायचं! ताईच्या तोंडाकडे बघून ठेवलंय तुम्हाला इथे. नाहीतर दारात तरी उभं केलं असतं का कुणी?"

भाऊजी हाताला लागलेली माती चोळत राहिले. ते पाहून तिचा संताप आणखीच वाढला.

"बघू दे आता, काय शिल्लक ठेवलंय मेहेरबानी करून," असं म्हणत ती तरातरा पलीकडे निघाली. पट्ट्यावर पोचली तरी तिची बडबड चालूच होती.

"थांब!" भाऊजी ओरडले. "हलू नकोस! आहेस तिथेच उभी राहा."

तिने वळून पाहिलं. काळ्या थरात मागे पाच पावलं उमटली होती. प्रत्येकात थराचा भुगा झाला होता आणि खालची पांढरी वाळू दिसत होती. फळी टाकल्याशिवाय या थरावर कुणी उतरायचं नाही, हा नियम तिचाच होता. नऊ वर्षांत तिने स्वतः तो एकदाही मोडला नव्हता.

भाऊजींनी कुंपणाला टेकवलेली लांब फळी आणली. पट्ट्याच्या काठावर गुडघे टेकले आणि ती अलगद तिच्याकडे सरकवली, नेमकी तिच्या उमटलेल्या पावलांवर टेकेल अशी.

"मोडलंय तिथेच भार पडू दे," ते म्हणाले.

तिने एक पाय उचलला. तोल सांभाळताना तिला रडू फुटलं, आणि त्याचाही राग आला.

"दाताळ्याचं मी सांगेन उद्या साहेबांना," फळी घट्ट धरून भाऊजी म्हणाले. "या पावलांचं मात्र तुझं तू सांग."