जुईची ॲलर्जी कोणी पुसली?

“गेली! अहो, खरंच गेली!”

अ‍ॅमस्टेलव्हीनच्या त्या भाड्याच्या हॉलमधली सगळी माणसं उठून टाळ्या वाजवू लागली. बाहेर नेदरलँड्समधली नेहमीची सायकलींची दाटी, आत बुटांचा ढीग आणि समोर मोठ्या पडद्यावर माझ्या भाचीची, जुईची, डॉक्टरकडची फाइल. डावीकडे मागच्या रविवारचा फोटो: ‘शेंगदाणा, तीव्र ॲलर्जी’. उजवीकडे आजचं पान. त्यात ती ओळच नव्हती.

श्रीहर्षदादा खुर्चीत बसून मंद हसत होते. त्यांना ‘महाराज’ म्हटलेलं चालत नाही. अंगात फ्लीसचं जाकीट, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, शेजारी लॅपटॉप.

“माझ्यावर विश्वास ठेवूच नका,” ते म्हणाले. “तुमच्या डच डॉक्टरचा कम्प्युटर सांगतोय, त्याच्यावर तरी ठेवाल? पूर्वीच्या बाबालोकांकडे पुरावा नसायचा. आपल्याकडे पेशंट पोर्टल आहे!”

मी कपाळावर हात मारून घेतला. टाळ्या वाजवणाऱ्यांत निम्मे माझ्यासारखेच सॉफ्टवेअरवाले. आठवडाभर स्वतः डेटाबेसमधल्या नोंदी बदलायच्या आणि रविवारी पडद्यावरची एक ओळ गायब झाली की हात जोडायचे! त्यांत आमचे रणजित भाऊजी, म्हणजे जुईचे बाबाही होते.

“पुढच्या रविवारी प्रसाद,” दादांनी जाहीर केलं. “दाण्याचा लाडू, आईच्या हातून. ॲलर्जीच्या झटक्यासाठी बाळगता ते इंजेक्शनचं पेन घरी ठेवायचं. मात्र मनात शंका आली तर आजार परत येतो हं. मग मला बोल लावू नका.”

शर्मिलाताई, माझी थोरली बहीण, ओढणीने डोळे पुसत होती. जुई लहान असताना चिक्कीचा एक तुकडा चाटून निळी पडली होती, अ‍ॅम्ब्युलन्समधून न्यावी लागली होती. तेव्हापासून ताईच्या घरात दाणा आला नाही. दाण्याच्या कुटाशिवाय रोजचा मराठी स्वयंपाक करून बघा एकदा, म्हणजे तिचे हाल कळतील.

घरी गेल्यावर मी हात जोडले. “ताई, आधी रक्त तपासून घे. मग हवे तेवढे लाडू कर.”

“शंका घेऊ नकोस रे, विनू! तुझ्या शंकेनं परत आली म्हणजे?”



भाऊजी म्हणाले, “सिस्टीममध्ये अपडेट झालंय ना? डॉक्टरनेच काढलं असणार.”

“मग कुणी काढलं ते विचारा ना त्यांना!”

“तुला कुठेही बगच दिसतो,” असं म्हणून ते चहा करायला उठले.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला. उचलला प्रांजलीने. ही आठवडाभर त्या दवाखान्याच्या काउंटरवर बसते आणि रविवारी दादांच्या हॉलमध्ये प्रसाद वाटते. “डॉक्टरांना निरोप देते हं,” ती गोड आवाजात म्हणाली. कुणाचा फोन आला नाही. मी स्वतः गेलो, तर म्हणाली, “तुम्ही पालक नाही. फाइलबद्दल तुमच्याशी बोलता येत नाही.” नियमाने तिचं बरोबर होतं, म्हणून तर माझा जास्तच संताप झाला. उत्तर त्याच कम्प्युटरमध्ये होतं, ते मागायचा हक्क फक्त ताई-भाऊजींचा, आणि ते दोघं मागणार नव्हते. मी नुसता सायकल दामटत घरी आलो.

जुईला बसस्टॉपवर गाठलं. “तू लाडू खाणार नाहीस.”

“नाही खाल्ला तर सगळे म्हणतील, जुईनं शंका घेतली. आईला एवढी हॅपी मी कधीच बघितली नाही, मामा.”

“म्हणून मरशील?” मी केवढ्यानं तरी ओरडलो. तिचे डोळे भरले. मग मी तिच्या शेजारी बसून शांतपणे सांगितलं, की अशा सॉफ्टवेअरमध्ये नोंद पुसली तरी तिचा माग राहतो: कुणी बदललं, कधी बदललं, आधी काय होतं. त्याला ऑडिट लॉग म्हणतात.

“मग तो कोण मागू शकतं?”

“आईबाबा. नाहीतर पेशंट सोळा वर्षांचा असेल तर तो स्वतः.”

ती माझ्याकडे बघतच राहिली. “मामा, गेल्या महिन्यात माझ्या बर्थडेचा केक तूच आणलास ना?”

अरे देवा! माझ्या डोक्यात ती अजून चिक्की चाटणारी पोरगीच होती.

काउंटरवर प्रांजलीनं अडवू नये म्हणून तिने कान दुखतोय असं खोटंच लिहून ऑनलाइन वेळ घेतली आणि मला बरोबर नेलं. डॉक्टरीणबाईंनी आमच्यासमोर त्या नोंदीचा इतिहास उघडला. जुनी नोंद: शेंगदाणा, तीव्र. नवी नोंद: रिकामी. बदल करणारी: प्रांजली. तारीख: दादांच्या त्या दोन रविवारांच्या मधली.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी ओळ तिथल्या तिथे परत घातली आणि प्रांजलीला आत बोलावलं. ती रडतच सुटली. “दादा म्हणाले, आजार आधी फाइलीतून पुसायचा, मग तो अंगातून जातो. मी सेवा केली हो! माझ्या आईचा थायरॉईडसुद्धा मीच पुसलाय.”

मला तिचा रागही धड येईना.

रविवारी जुईने त्या लॉगची प्रत पडद्यावर लावली. आता सुटलो, असं मला वाटलं. दादा मात्र तसेच हसले.

“देव कुणाच्या तरी हातूनच काम करणार ना?”

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! पुरावा पडद्यावर, त्याच्याखाली टाळ्या. ताई लाडू हातात घेऊन उभीच होती.

जुई म्हणाली, “दादा, तुमच्या चष्म्याचा नंबर मी आत्ता कम्प्युटरमधून पुसते. चष्मा इथे ठेवा आणि गाडी चालवत घरी जा.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. दादा लालबुंद झाले. “हा अहंकार आहे! आजार परत येणार!”

“तो गेलाच नव्हता,” जुई म्हणाली. मग आईकडे वळली. “आई, तू दिलास तर मी खाईन. तू सांग.”

ताईने लाडवाकडे पाहिलं, मग लेकीकडे. लाडू डब्यात ठेवून तिने झाकण लावलं आणि सरळ बेसिनकडे गेली. साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा धुतले, आणि मगच येऊन जुईला मिठी मारली. मी भाचीसमोर ढसाढसा रडलो.

प्रांजलीची नोकरी गेली. दादांचं काहीच गेलं नाही. त्यांनी आता आइंडहोवन शहरात हॉल घेतलाय, तोही भरतो म्हणे. आम्ही त्यांच्याविरुद्ध तक्रार केलीय, पण लॉगमधला बदल त्यांच्या नावाने नाही, म्हणून उत्तराची वाट बघतोय. भाऊजी अजून म्हणतात, “काहीतरी असेलच रे.”

माझं एवढंच मागणं आहे. उद्या कुणी तुमचा आजार पडद्यावरून गायब करून दाखवला, तर हात जोडण्याआधी विचारा: ही ओळ कुणी काढली, कधी काढली, आणि रक्त तपासलं का? विचारल्यानं कुठलाही आजार परत येत नाही. न विचारल्यामुळे आमची जुई जाणार होती.