घासून गेलेला जन्म

मी, प्रयोगशाळा सहाय्यक, लिहून देते की माशांच्या कानातले बारा खडे मी भिंगाखाली तपासले आणि प्रत्येकाच्या मध्यावरचा ठिपका शाबूत

नव्हता! एकाचाही नव्हता. फाडला कागद.

परत.

माशाच्या कानात तांदळाच्या दाण्याएवढा खडा असतो. मासा वाढतो तशा त्यावर कड्या चढतात. मधला ठिपका म्हणजे जन्म. समुद्रात असताना खड्यात स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य जास्त बसतं, नदीत कमी. म्हणून ठिपका उघडा पडेपर्यंत घासायचं, थांबायचं, मग लेझरनं मोजायचं. मी एका खड्याला तास देते. चार हात मारले की भिंगाखाली बघते.

आमच्या विभागप्रमुख सरांनी बारा खडे एका दुपारी उरकले.

जन्म गेला मोरीत. उरल्या त्या समुद्रातल्या कड्या. आणि सरांचा अहवाल म्हणतो, हा मासा समुद्रातच जन्मतो, वरच्या नदीशी त्याचा संबंध नाही, नदीवरच्या बंधाऱ्याची दारं कायमची बंद करायला हरकत नाही.

"सर, ठिपकेच नाहीयेत," मी काल म्हटलं.

"चष्मा बदल."

"बाराच्या बारा?"

"अगं बाई, बंधाऱ्याची समिती उद्या चारला बसतेय. तुझ्या सहीशिवाय अहवाल जात नाही. एका सहीनं काय हात झिजतो का तुझा?"

माझा नाही झिजत. खडे झिजले!

हे मासे बाबांनी धरलेले, बंधाऱ्याच्या खाली. वरच्या डोहात नखाएवढी पिल्लं त्यांनी जन्मभर पाहिलीत. दारं बंद झाली तर मासा अंडी घालायला वर जाणार कसा? फोनवर म्हणाले, "तुझे साहेब कधी घोटाभर पाण्यात तरी उतरलेत का गं?"

नाही, बाबा. खुर्चीतून उतरत नाहीत.

परत लिहिते.

माशाला कान दोन. सरांनी डावे खडे घासले, उजवे कपाटात होते. आज सकाळी एक घासला. रागात हात जड पडतो, म्हणून दोन हात मारले की बघत होते. ठिपका आला. लेझर लावला. मध्यावर स्ट्रॉन्शियम कमी. नदी.

साडेतीनला सर दारात. "झाली सही?"

"झाली. समितीला पाठवलीसुद्धा."

त्यांनी प्रत वाचली. *डावे बारा: ठिपका नाही, जास्त घासले गेले. घासणारे: विभागप्रमुख. उजवा एक: जन्म नदीत. उरलेल्या अकरांना अकरा तास लागतील.*

"हे मागे घे. आत्ताच्या आत्ता. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या," मी म्हटलं आणि दुसरा खडा चिमट्यात धरला. "उजेडातून बाजूला व्हा."