परातीचं माहेर

मी पितळेची परात. आवाज माझा मोठाच. हातातून निसटले की तीन घरांना कळतं. आज मात्र हळू बोलते, कारण सांगायचंय ते एका कमी बोलणाऱ्या मुलीबद्दल आहे.

माझा जन्मच ठोक्यांचा. घडवणाऱ्याने ठोकलं, आणि विकली गेल्यावर नाव घालणाऱ्याने पुन्हा ठोकलं. मंगरूळपीरच्या बाजारात छिन्नी-हातोडी घेऊन बसलेल्या त्या माणसाने माझ्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटवली: 'बापूराव यांजकडून, सन १९८४'. बापूराव म्हणजे माझ्या मालकिणीचे, जिजाबाईंचे मामा. भाचीच्या लग्नात त्यांनी मला आंदण दिलं. आपल्याकडे रीतच आहे, भांड्यावर नाव देणाऱ्याचं. जन्मभर त्यात कणीक मळते तिचं नाव कुठेच नसतं.

जिजाबाईंनी मला खूप वापरलं. ज्वारी, गहू, पापडाचं पीठ. त्यांच्या हाताचा राग-लोभ मला पोटातून कळायचा. मग घरात स्टील आलं आणि मी माळ्यावर गेले. शेजारी एक बंद पडलेला पंखा होता. त्याच्याशी काय बोलणार?

मला खाली उतरवलं समीक्षाने. ही जिजाबाईंची नवी सून, येऊन चार महिने झालेली. कोणता डबा कुठे ते तिला पाठ झालं होतं, पण त्यातला एकही तिचा नव्हता. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. लग्नाच्या बोलण्यांतच जिजाबाई म्हणाल्या होत्या, हे वर्ष कर, पुढचं पाहू. या घरात 'नाही' म्हणायचं असलं की 'पाहू' म्हणतात, हे समीक्षाला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

इतिहासाच्या रविकांत सरांनी वर्गाला काम दिलं होतं: गावचा जुना बाजार फोनवर गोळा करायचा. घरातल्या जुन्या भांड्याचा फोटो काढा, तक्ता भरा, मग सगळ्या खुणा एका नकाशावर लावू. शुक्रवारी घरच्यांना बोलावून नकाशा दाखवायचा होता. समीक्षाने मला चिंच-राखेने इतकं घासलं की मामांच्या नावातला 'बा' अर्धा पुसला. तरी मी खूश होते. ओट्यावर ठेवून तिने फोटो काढला. 'कोणाची' या रकान्यात माझ्या काठावरचं बापूराव लिहिलं. 'ठिकाण' फोनने स्वतःच भरलं.

दोन दिवसांनी ती कॉलेजातून आली ती तोंड पाडूनच. पडद्यावर नकाशा उघडला तर तेवीस भांड्यांच्या तेवीस खुणा गावाबाहेरच्या नव्या कॉलन्यांत. त्या काळी तिथे नुसती तूर होती. सगळ्यांनी फोटो आपापल्या स्वयंपाकघरात काढले होते! सरांनी हसून हसून चष्मा काढला आणि म्हणाले, "अरे, हे तर भांड्यांचं सासर झालं. माहेर कुठाय?" भांडं जिथे घेतलं तिथे घेऊन जा, म्हणाले, आणि जागेबद्दल दोन माणसांचं सांगणं जुळू द्या. तेही आपण उत्तर न सुचवता.

समीक्षाच्या डोळ्यांपुढे शुक्रवार होता. सगळ्यांसमोर नकाशावर आपलीच खूण चुकीची दिसली, तर सासूबाईंचं 'पाहू' तिथेच पक्कं होणार.

"काहून वं," जिजाबाई म्हणाल्या, "परात खाली काढली अन् पोळ्या मोबाइलातच करून राह्यली काय?"

"आई, ही घेतली ती जागा तुमाले आठोते काय?"

जिजाबाईंचा हात थांबला. "मले नाई आठवणार त कोनाले? मामासंग मीच होती. नाव घालेपर्यंत स्टँडमागच्या इहिरीच्या काठाले, कडुनिंबाखाली बसली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी निघालो. जिजाबाई ठेवणीतल्या लुगड्यात, मी पिशवीत, काठ बाहेर. वाटेत भेटलेल्या दोघींनी विचारलं, मोडीत देता का. तिसरीला जिजाबाई म्हणाल्या, "नाई, कॉलेजात घालून राह्यलो हिले."

बस स्टँडमागे मात्र त्यांचा ताठा उतरला. कडुनिंब नाही, विहीर नाही, नुसती दुकानं. त्यांनी दोनदा गोल फिरून पाहिलं, मग ओशाळून एका शिवणकामाच्या दुकानाच्या दगडी पायरीवर बसल्या. उगाच आलो, असं पुटपुटत त्यांनी हात टेकला, आणि बोटं दगडातल्या खाचेत गेली. एक खाच, शेजारी दुसरी, तिसरी. दोरानं घासून पडलेल्या.

त्या काही बोलायच्या आत समीक्षाने त्यांचा हात हळूच दाबला. दुकानातल्या म्हाताऱ्या जगदेव टेलरना तिने एवढंच विचारलं, "काका, ही पायरी कायची?"

"पायरी कायची, इहिरीचा दगड हाये थो," मशीन न थांबवता ते म्हणाले. "बुजवली इहीर. बाजूले भांड्यायवर नाव घालणारा बसे. दिवसभर ठकठक."

जिजाबाईंनी सुनेकडे असं पाहिलं, जणू विहीर तिनेच खोदली होती. मला त्याच दगडावर ठेवून फोटो निघाला. फोनने ठिकाण भरलं, आणि या वेळी ते खरं होतं.

समीक्षा तिथेच तक्ता दुरुस्त करत बसली. बापूरावांना तिने 'देणारा' या रकान्यात नेलं.

"काय लिवलं? वाच."

"वस्तू, पितळी परात. कोणाची, जिजाबाई."

"माह्यं नाव? परातीवर त नाई."

"परातीवर नाई, म्हनून त लिवलं."

घरी येईपर्यंत पिशवी जिजाबाईंनी स्वतः धरली.

शुक्रवारी नकाशावर विहिरीजवळ आमची खूण लागली. मागच्या बाकावरून जिजाबाईंनी तिच्यावरचं आपलं नाव दोनदा वाचून घेतलं, आणि निघताना सरांना विचारलं, "पुढच्या सालचे फारम कधी सुटतेत?"

आता मी माळ्यावर जात नाही. पंख्याची आठवण येते कधी, फार नाही. तुमच्याकडेही माझी एखादी बहीण पडून असेल. तिला मोडीत काढण्याआधी काठावरून बोट फिरवा, आणि नाव वाचून थांबू नका. ती कोणाची, ते घरातल्या बाईला विचारा. घासा, पण बेतानं. अक्षरंही झिजतात.

चला, कणीक भिजवायची वेळ झाली. आज मळायला जिजाबाई बसल्यात. समीक्षाचा पेपर आहे.