यंदाची मर

कडूबाई दवाखान्यातल्या बाकावर टेकली की लगेच उठायची. दारापर्यंत जायची, परत यायची. समोरच्या खाटेवर तिची सून निशा डोळे मिटून पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, धाप लागलेली. ताप कालपासूनचा.

संभाजीनगरची जीप धरताना धाकट्या जावेनं, गयाबाईनं बजावलं होतं, "अक्का, दवाखान्यात कोंबड्यांचं नाव काढू नको. सरकारी माणसं येतील अन् अख्ख्या गल्लीची खुराडी रिकामी करतील. कोंबड्यांना मर काय, दरवर्षी लागती."

लागायची, हे खरं. पण यंदा तुरे काळेनिळे पडले होते. एका दिवसात अकरा कोंबड्या आडव्या झाल्या. उरलेल्या दोन मरायच्या आत कापाव्यात म्हणून कडूबाईनंच निशाला सोलायला बसवलं. पोर नको म्हणत होती, तर हिनं वर टोमणा मारला, "माहेरी काय मोर खात होतीस?"

डॉक्टर प्रेरणा पुन्हा आल्या. "मावशी, नीट आठवून सांगा. घरी कोंबड्या आहेत? इतक्यात मेल्या का?"

"नाय," कडूबाई फरशीकडं बघत म्हणाली.

डॉक्टर वळल्या. निशाला खोकल्याची उबळ आली. "आत्या, पाणी..."

कडूबाईनं पेला धरला, पण पुन्हा उबळ आली आणि निम्मं पाणी चादरीवर सांडलं. पेला तसाच ठेवून ती धावली.

"म्याडम! होत्या. तेरा होत्या. अकरा मेल्या, दोन हिनं सोलल्या. मीच लावलं सोलायला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "कधी?"

"चार दिवस झाले."

"बरं झालं बोललात. बर्ड फ्लू असू शकतो. त्यावरची गोळी ताप आल्यापासून पहिल्या दोन दिवसांत पोटात गेली तर जास्त गुण येतो. घशातला नमुना तपासायला पाठवू, पण त्याची वाट बघायची नाही. गोळी आत्ताच."

"वाचंल ना?"

"आज नाही सांगता येणार. औषध आहे, ऑक्सिजन आहे, आम्ही आहोत. तुम्हीही हात लावला होता ना? मग तुम्हालाही गोळी."

"मला काय झालंय?"

"होऊ नये म्हणून. आणि हे वर कळवावं लागेल, मावशी."

"कळवा."

निशाला वेगळ्या खोलीत हलवलं. कडूबाई बाहेर आली, फोन लावला. "गया, मी सांगितलं सगळं."

"घात केलास, अक्का! माझ्या चाळीस कोंबड्या..."

"शिव्या मागनं दे. घरात कुणाला ताप हाय का?"

गयाबाईचा आवाज खाली आला, "माझ्या पोराला, विश्वजीतला. सकाळपासनं."

"मग जीप धर. आत्ताच्या आत्ता. अन् इथं विचारलं तर नाय म्हणू नको."